करपल्लवी आणि कॅमेरा

तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन ही आमच्या डोंबिवलीच्या घरातली रोजची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमाराला वहिनी ओट्याशी उभी असते, एक डोळा कुकरवर आणि एक फोनवर. कुकरची शिट्टी तिला ऐकू येत नाही. वाफेचा झोत उसळला की ती वाटीतला एक शेंगदाणा बाजूला काढून ठेवते. तीन शेंगदाणे झाले की गॅस बंद. फोनमध्ये नाशिकची तिची बहीण असते, तीही कर्णबधिर. दोघींच्या गप्पा हातांनी चालतात, म्हणून फोन डब्याला टेकवलेला. हातात धरला तर एक हात गेला, आणि एक हात गेला म्हणजे अर्धं वाक्य गेलं.

दादाची तऱ्हा वेगळी. तो छापखान्यातून सुटला की लोकलमधून फोन लावतो. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात फोन. बोलायला काही उरतच नाही. मग कडी सुटते, पाठ डब्याच्या पत्र्याला टेकते, आणि मोकळ्या झालेल्या एका हातानं जेवढं सांगता येईल तेवढं तो सांगतो. तोंडात घास असताना माणूस बोलतो तसं ते बोलणं असतं. घरच्यांना कळतं, परक्याला कळणार नाही.

मोबाइलवरून सांकेतिक भाषेचा अनुवाद करणं का अवघड आहे, या विषयावरचे लेख एकत्र करणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी इंजिनिअर नव्हे. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करून पोट भरते: औषधांच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, मिक्सरची माहितीपत्रकं, अधूनमधून एखादी कादंबरी. ते म्हणाले, म्हणूनच. घरात दोन माणसं खुणांनी बोलतात आणि तिसरी अनुवाद करते, तर त्या बाजूनं लिहा. तेव्हा यंत्रांबद्दल मी जे सांगेन ते ओट्यापाशी उभं राहून सांगितलेलं आहे असं धरून चाला. त्यातलं तंत्र पुढचे लेख नीट उलगडतात.

मराठीत दोन जुने शब्द आहेत, करपल्लवी आणि नेत्रपल्लवी. दुसरा अजून चलनात आहे. कुठल्याही लग्नाच्या मांडवात कुणा ना कुणाची नेत्रपल्लवी चालू असते. पहिला बहुतेकांच्या कानावरून गेलेला नाही. करपल्लवी म्हणजे बोटांनी अक्षरं दाखवून केलेलं गुप्त बोलणं. हाताच्या ठेवणीनं अक्षरांचा वर्ग सांगायचा, मग बोटं दाखवून त्या वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं. क-वर्गाची खूण करून तीन बोटं दाखवली की ‘ग’. बोलणारे दोघेही कानांनी धडधाकट, फक्त तिसऱ्याला कळू द्यायचं नाही एवढाच हेतू. हातांवर चालायची ती मराठीच.

सांकेतिक भाषा म्हणजे अशीच काहीतरी करपल्लवी आहे, असा ऐकू येणाऱ्या जगाचा समज आहे. वर्तमानपत्रांत अजूनही ‘सांकेतिक लिपी’ असं छापून येतं, आणि ते वाचलं की मला पेन्सिल घेऊन खोडावंसं वाटतं. हातांवर मराठी किंवा इंग्रजीच चालते असं एकदा धरलं की पुढचं सगळं सोपं भासतं: कॅमेऱ्यानं खूण ओळखायची, तिच्या जागी शब्द ठेवायचा, शब्दांची माळ झाली की वाक्य तयार. गेल्या काही वर्षांत निघालेली कितीतरी अ‍ॅप्स, कॉलेजांतले प्रकल्प, बक्षीस मिळवणारी उपकरणं याच समजावर उभी आहेत. ती अनुवाद करायला निघत नाहीत, लिप्यंतर करायला निघतात आणि मध्येच अडकतात.

अडकण्याची जागा भाषाशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून ठेवली आहे. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकीनं १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना मांडली. एकेक खूण हाताच्या आकारानं, ती शरीराच्या कुठल्या जागी होते त्यानं आणि हालचालीनं घडते. शब्द ध्वनींनी घडतो तशीच ही घडण, असं त्याचं म्हणणं. त्याच्या सहकाऱ्यांना तेव्हा तो विक्षिप्तपणा वाटला. भारतात १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणांचा अभ्यास केला. पुढे उलरिके झेशान यांनी व्याकरण तपशिलात लिहिलं. शहरागणिक शब्द बदलतात, पण व्याकरण एकच आहे, हे त्यातून पुढं आलं. पुण्याची आणि नागपूरची मराठी डोळ्यांपुढे आणा, फार समजावून सांगावं लागणार नाही.

त्या व्याकरणाचा मोठा भाग हातांच्या बाहेर आहे. मराठीत ‘जेवलास’ आणि ‘जेवलास?’ यांत अक्षराचाही फरक नाही. फरक आवाजाच्या चढात आहे. भारतीय सांकेतिक भाषेत हा चढ भुवयांना आणि मानेला लागतो. हात तेच, भुवया वर आणि मान किंचित पुढं, की प्रश्न झाला. ‘काय’, ‘कुठं’, ‘कोण’ असे शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात. नकारही शेवटी येतो आणि त्याबरोबर मान हलते. पुष्कळदा ती मानच सगळं सांगते. म्हणजे करपल्लवीत नेत्रपल्लवी मिसळलेली आहे आणि दोन्ही एकाच क्षणी चालतात. आपल्या तोंडातून एका वेळी एकच शब्द बाहेर पडतो. इथं दोन हात, भुवया, गाल, खांदे आपापलं काम एकदम करतात, आणि ते रुळावरच्या डब्यांसारखं एकामागे एक लावायचं म्हणजे अनुवादकाची परीक्षा असते.

आणखी एक गोष्ट मला पहिल्यापासून मोहात पाडत आली आहे, ती म्हणजे हवेतल्या जागा. दादा एखादी हकिगत सांगताना मालकाला उजवीकडे बसवतो आणि गिऱ्हाइकाला डावीकडे. एकदा बसवलं की पुन्हा नाव घेत नाही. ‘दिलं’ ही खूण उजवीकडून डावीकडे गेली की मालकानं गिऱ्हाइकाला दिलं, उलटी आली की गिऱ्हाइकानं मालकाला. मराठीत जे काम ‘नं’ आणि ‘ला’ करतात ते इथं दिशा करते. पाच मिनिटांनी तो नुसती नजर उजवीकडे टाकतो आणि वहिनी हसते, कारण मालक अजून तिथंच बसलेला आहे. त्या रिकाम्या जागेत कोण बसलंय हे यंत्रानं लक्षात ठेवायचं आहे. मी स्वतः दोन वेळा चुकले आहे.

आता फोनकडे येऊ. फोनला हात दिसतो तो ठिपक्यांच्या रूपात. गूगलनं २०१९ मध्ये मीडियापाइप या साधनसंचातून हाताचा माग काढण्याची एक पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. ती प्रत्येक हातावर २१ ठिपके ठेवते, मनगटावर एक आणि प्रत्येक बोटाला चार. चेहऱ्यासाठी असेच ४६८. रांगोळीसारखे ते ठिपके जोडले की हाताचा सांगाडा उभा राहतो, आणि हे काम खिशातला फोन स्वतःच करतो, दूरच्या संगणकाला विचारावं लागत नाही. ही खरोखर मोठी मजल आहे आणि पुस्तकातल्या तांत्रिक लेखांचा पाया बहुधा हाच आहे. पण एक हात दुसऱ्याच्या मागं गेला की झाकलेले ठिपके कुठं असतील याचा अंदाज बांधावा लागतो, आणि आपल्याकडे हात सारखे एकमेकांवर येतात.

इंग्रजी अक्षरांचंच उदाहरण घ्या. भारतात अक्षरं दाखवायची रूढ पद्धत ब्रिटिशांकडून आलेली, दोन हातांची आहे. अमेरिकेत एका हातानं भागतं. या पद्धतीत ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर बसवलेले आहेत. अंगठ्याच्या टोकाला दुसऱ्या हाताची तर्जनी लावली की ए, मधल्या बोटाला लावली की आय. शेजारच्या दोन स्वरांत अंतर एका बोटाच्या रुंदीचं. समोरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला बोटांवर बोटं आलेली दिसतात, नेमकं कुठल्या टोकाला कोण शिवलं ते कळायचं म्हणजे नशीब. वहिनी हे अर्ध्या सेकंदात करते आणि तिची बहीण ते नाशिकमध्ये, ढगाळ स्क्रीनवर, बिनचूक वाचते. ती वाचते कारण पुढचं अक्षर काय असणार हे तिला आधीच ठाऊक असतं.

उजेडाचं दुखणं वेगळं. मंद दिव्याखाली चित्र उजळ यावं म्हणून फोन प्रत्येक चित्रासाठी प्रकाश जास्त वेळ गोळा करतो आणि भरभर फिरणारी बोटं त्यात फिसकटतात. आमच्या ओट्यावरचा दिवा तसाच आहे. शिवाय फोनची चौकट उभी आणि खुणांची जागा आडवी पसरलेली, डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कोपरभर. सगळं मावायला फोन चार-पाच फूट लांब ठेवावा लागतो, मग बोटं मुंगीएवढी होतात. समोरचा कॅमेरा बहुतेकदा आरशासारखं उलटं चित्र दाखवतो, तेव्हा मालक कुठल्या बाजूला आणि गिऱ्हाईक कुठल्या, याचा हिशेब यंत्राला आधी करून ठेवावा लागतो.

आणि मग संधी. शाळेत ‘सूर्य’ आणि ‘उदय’ मिळून ‘सूर्योदय’ होतो हे आपण घोकलं; हातांच्या भाषेत असा सांधा जागोजाग असतो. पहिली खूण संपायच्या आत हात दुसरीकडे निघालेला असतो, दुसरीच्या आकाराची सावली पहिलीवर पडलेली असते. सुट्या, ठसठशीत, शब्दकोशातल्यासारख्या खुणा ओळखणारं यंत्र बनवणं आणि वाहतं बोलणं समजणारं यंत्र बनवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. जाहिरातीत दिसतं ते पहिलं. आपल्याला हवं असतं ते दुसरं.

गेल्या दिवाळीत भाचीनं (तिला ऐकू येतं, आणि घरातली सगळ्यात चांगली दुभाषी तीच) असंच एक अ‍ॅप फोनवर उतरवून घेतलं. फराळाची ताटं बाजूला सारून दादाला सोफ्यावर बसवलं. तो म्हणाला, उद्या बँक बंद आहे, मी जाणार नाही. पडद्यावर इंग्रजीत उमटलं: बँक, जाणे. नकार मानेत होता, मान अ‍ॅपच्या खिजगणतीत नव्हती. ‘बंद’ कुठं गेलं कोण जाणे. दादानं पुन्हा सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. या वेळी बँकेऐवजी पैसे आले. मग त्याचं नाक खाजलं. भारतीय सांकेतिक भाषेत बाईची खूण नाकाशी आहे, चमकी असते तिथं, पुरुषाची मिशीवर. अ‍ॅपनं तत्परतेनं छापलं: स्त्री. वहिनी इतकी हसली की चकली तिच्या हातातून पडली. संध्याकाळभर दादा नाक खाजवून कॅमेऱ्याला बायका मोजायला लावत होता.

हसलो खरे, पण त्या अ‍ॅपचा दोष अ‍ॅपपुरता नाही. त्याला शिकवायला काय होतं? मराठी बोललेलं फोन आज बऱ्यापैकी लिहून घेतो, कारण त्यामागं ध्वनिमुद्रणांचे आणि छापील मजकुराचे ढीग आहेत. सांकेतिक भाषेला रोजच्या वापरातली लिपीच नाही. तिचा मजकूर म्हणजे व्हिडिओ, आणि त्यातल्या प्रत्येकाखाली अर्थ लिहायला जाणकार माणूस बसवावा लागतो. या क्षेत्रात जगभर ज्याच्यावर प्रयोग झाले तो जर्मन संग्रह २०१८ मध्ये आला. सुमारे ८ हजार वाक्यांचा, नऊ दुभाष्यांनी केलेला, आणि सगळाच्या सगळा टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांचा. दुभाष्यांचे कपडे गडद, मागचा पडदा करडा. त्यावर वाढलेल्या यंत्राला उत्तरेकडून पाऊस येतोय हे कळेल. उसळीला मोड आले का, हे विचारलंत तर ते बहुधा ढगच शोधील.

आपल्याकडे आयआयटी मद्रासमधल्या गटानं २०२० मध्ये चेन्नईच्या एका कर्णबधिर शाळेच्या मदतीनं ‘इन्क्लूड’ हा संग्रह केला: २६३ शब्द, ४,२८७ चित्रफिती. भागाकार केला तर शब्दामागं सोळा. आयआयटी कानपूरच्या ‘आयसाइन’ या २०२४ च्या संग्रहात एक लाखाहून अधिक व्हिडिओ आणि त्यांची वाक्यं आहेत, म्हणजे चार वर्षांत पाऊल केवढं पुढं पडलं ते दिसतं. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झालं. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३ हजार शब्द होते, २०२१ मध्ये १० हजार झाले, आणि २०२२ मध्ये ‘साइन लर्न’ या अ‍ॅपमधून ते फोनवर आले. हे काम मोलाचंच आहे. फक्त त्यात शिरायचं दार हिंदी किंवा इंग्रजी शब्दाचं आहे. शब्द ठाऊक असेल तर खूण सापडते. पण मी दादाच्या मित्राची एखादी अनोळखी खूण पाहिली तर ती कुठल्या पानावर शोधू? खुणेकडून शब्दाकडे नेणारा कोश कॅमेऱ्यामुळे फार सोपा होईल. माझ्या मते मोबाइलनं आधी हे साधं काम करावं, संभाषणांचे अनुवाद नंतर.

आपल्याकडच्या या सगळ्या संग्रहांत खुणांसमोर जी भाषा लिहिलेली आहे ती मुख्यतः इंग्रजी. मराठीपर्यंत यायचं तर इंग्रजीच्या पुलावरूनच यावं लागतं, आणि त्या पुलावर ‘ळ’ला जागा नाही. वहिनी कळवा स्टेशनचं नाव के-ए-एल-व्ही-ए असं बोटांवर दाखवते. त्याचं मराठी करताना यंत्रापुढं कळवा आहे, कालवा आहे, आणि कुणाला तरी कळवायचं आहे अशी आज्ञाही आहे. ‘नणंद’ आणि ‘वहिनी’ यांतला फरक इंग्रजीत पोचेपर्यंत गळून पडतो, आणि तो परत मराठीत कोण आणून देणार? हा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हे, आपला. मराठीशी थेट जोडलेला खुणांचा संग्रह मराठी माणसांनी करायचा, नाहीतर कुणी करणार नाही.

हातमोज्यांबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात, कारण कुठल्याही सभेत कुणीतरी त्यांची आठवण काढतंच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये खुणांचं बोलण्यात रूपांतर करणारे हातमोजे बनवले. त्यांना १० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, बातम्या जगभर झाल्या. कर्णबधिर आणि भाषाशास्त्रज्ञ वैतागले. हातमोज्याला भुवया नसतात, आणि समोरच्याला समजावं म्हणून दिवसभर हातांत तारा घालून हिंडायचं कुणी, तर कर्णबधिरानं.

हा वैताग जुना आहे. मिलानमध्ये १८८० साली कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांऐवजी बोलायलाच शिकवायचं असा ठराव झाला. त्याचा परिणाम शंभर वर्षं जगभरच्या शाळांवर राहिला. दादाच्या शाळेत वर्गात हात हलला की पट्टी बसायची. खुणा तो मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलांकडून, नळाच्या मागं उभा राहून शिकला. त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. तेव्हा बहुतेक शाळा तशाच होत्या आणि तिथल्या बाईंना आपण मुलांचं भलंच करतोय अशी खात्री होती. पण दहा वर्षं ओठ वाचण्यात आणि ‘प’, ‘ब’, ‘म’ घशातून काढण्यात गेल्यावर वाचनाला वेळ राहिला तो थोडाच. दादा छापखान्यात अक्षरं ओळखतो, वर्तमानपत्राचा मथळा वाचतो. सरकारी पत्रातलं ‘सदरहू’ आलं की कागद माझ्याकडे येतो. मराठी त्याची दुसरी भाषा आहे. म्हणून बोलणं लिहून दाखवणारा फोन त्याला उपयोगी पडतो, पण पुरा पडत नाही. इंजिनिअर मंडळींना हे सांगितलं की ती खरोखर चकित होतात.

उलट दिशेला, म्हणजे मजकुराकडून खुणांकडे, पडद्यावर हात हलवणारी बाहुली आणायचे प्रयत्न चालू आहेत. जागतिक कर्णबधिर महासंघानं आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांच्या जागतिक संघटनेनं २०१८ मध्ये अशा बाहुल्यांबद्दल सावध केलं: ठरावीक, आधी तपासून घेतलेल्या मजकुराला त्या चालतील, जिवंत संभाषणात माणसाच्या जागी बसवू नका. रेल्वेची गाडी तीन नंबरवर येतेय हे बाहुलीनं सांगावं, मी टाळ्या वाजवीन. पोटात गाठ आहे हे तिनं सांगू नये. कायद्यालाही हा फरक कळलेला दिसतो. तेव्हाच्या पुरावा कायद्यात २०१३ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. चित्रीकरण असलं, की दुभाषा चुकला तर ते तपासता येतं. अ‍ॅप चुकलं हे तपासायला मूळ व्हिडिओ कोण ठेवतं?

व्हिडिओवरून आणखी एक अडचण निघते, आणि ती मला सगळ्यात कठीण वाटते. आवाजाचे नमुने गोळा करताना नाव काढून टाकता येतं, आवाज थोडा बदलता येतो. खुणांच्या नमुन्यात चेहरा झाकला की व्याकरण गेलं. म्हणजे जो भाषा देईल तो आपला चेहराही देईल, आपलं घर, मागची भिंत, देवाचा फोटो, सगळं. उद्या त्या व्हिडिओंचं काय होतं हे त्याला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? संमतीचा फॉर्म छापील इंग्रजीत असतो.

२०११ च्या जनगणनेत भारतात ५० लाखांहून अधिक लोकांना ऐकण्याची अडचण असल्याची नोंद आहे. त्यातले सगळे खुणांनी बोलत नाहीत. म्हातारपणी ऐकू येईनासं झालेले आजोबाही त्यातच धरले आहेत. तरीही प्रशिक्षित दुभाषे त्यांच्या मानानं इतके कमी आहेत की फोनकडे आशेनं बघण्यावाचून गत्यंतर नाही. पुष्कळदा आपण विसरतो की फोननं कर्णबधिरांसाठी मोठं काम करून झालेलं आहे, अनुवादाचं नाव न काढता. मुंबईत मिरॅकल कुरिअर्स ही कर्णबधिरांना नोकरीवर घेणारी कंपनी २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा एसएमएसवर काम भागायचं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ कॉल घराघरांत शिरला. त्याआधी वहिनीची बहीण वर्षातून दोनदा बोलायची, प्रत्यक्ष भेटल्यावर. आता डॉक्टरकडे गेलं की दादा भाचीला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन डॉक्टरांच्या टेबलावर औषधांच्या नमुन्यांना टेकवून ठेवतो. दूर बसलेला माणूस-दुभाषा फोनमधून मिळवून देणं हे यंत्रानं अनुवाद करण्यापेक्षा आज जास्त हाताशी आहे. २०२५ मध्ये गूगलनं साइनजेमा हे सांकेतिक भाषेसाठीचं मॉडेल जाहीर केलं, त्याचाही भर अमेरिकन खुणांकडून इंग्रजीकडे. आपल्यापर्यंत ती वाट यायला वेळ आहे.

पुढच्या लेखांबद्दल फार लिहीत नाही. काही लेखकांशी माझं पटलेलं नाही. एकानं कर्णबधिरांना सगळीकडे ‘मूकबधिर’ लिहिलं होतं. दादाला तो शब्द दाखवला तेव्हा त्यानं ‘मूक’वर बोट ठेवून छापखान्यात करतात तशी काट मारली, आणि लेखकानं ती मान्य केली. ठिपक्यांच्या गणितावरचा लेख अवघड आहे, पण सोडू नका. सर्वांत आधी कर्णबधिर लेखकांचे लेख वाचा. ते त्यांनी व्हिडिओत सांगितले आणि आम्ही मराठीत उतरवले; जिथं उतरवता आलं नाही तिथं तसं लिहिलं आहे.

प्रस्तावना दादाला हातांनी सांगून दाखवली. मालकाला हवेत उजवीकडे बसवल्याचं पाहून तो म्हणाला, मालक डावीकडे बसायचा. मग काहीतरी आठवून त्यानं एक खूण केली: डावी मूठ अर्धी उघडी, उजव्या हाताची चिमूट हवेतून काहीतरी बारीक उचलून भराभरा त्या मुठीत ठेवतेय. मला वाटलं तांदूळ निवडणं. भाचीला वाटलं मणी ओवणं. ती ‘खिळे जुळवणे’ निघाली, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळ लावणं. त्यांच्या छापखान्यात तेव्हा चौघे कर्णबधिर जुळारी होते, खूण त्या चौघांची. ऑफसेट आल्यावर खिळे भंगारात गेले. चौघांतले दोघे आता नाहीत. शब्दकोशातल्या दहा हजार शब्दांत ही खूण नाही, मी पाहिलं. भाचीनं लगेच फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि परक्या माणसालाही कळेल अशी पुन्हा करा, असं बाबांना सांगितलं. दादानं केली. चौकटीत कोपर कापलं जात होतं. तिनं डबा हातभर मागं सरकवला आणि पुन्हा सुरू केलं.